नळी कशाची, पोकळी कशी

डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाचा मार्गशीर्ष जवळ आला, की साक्रीच्या डोंगरपट्ट्यात पावऱ्या, म्हणजे भोपळ्याची फुंकवाद्यं, दुरुस्तीला निघतात. वाळलेला भोपळा, दोन नळ्या, दोन जिभल्या (कंप पावणाऱ्या पाती) आणि मेण. यातली बोटांची नळी बांबूचीच हवी, की पीव्हीसीची चालेल? शेजारचा जळगाव म्हणजे ठिबकचा आणि पाइपांचा जिल्हा. तिथे पाइपाचा तुकडा कुठेही मिळतो. सातपुड्यातला मानवेल मात्र बहुधा जवळजवळ भरीव निघतो, आणि मोकळ्या पोकळीचं लांब, सरळ पेर हुडकावं लागतं.

आमचं मत स्पष्ट आहे. नळी कशाची यापेक्षा तिची पोकळी कशी, हे आधी पाहावं. भौतिकशास्त्रज्ञ जॉन कोल्टमन यांनी १९७१ साली चांदी, तांबं आणि लाकूड यांच्या एकाच मापाच्या बासऱ्या वाजवून दाखवल्या, तेव्हा जाणकारांनाही आवाजावरून धातू-लाकूड ओळखता आलं नाही. पावरीतही स्वर घडतो तो आतल्या हवेच्या खांबात. जिभलीकडचं टोक बंद असल्यासारखं वागतं, म्हणून ३० सेंटिमीटरची नळी हिशेबाने सुमारे २८५ हर्ट्झचा स्वर देते, तेवढ्याच लांबीच्या बासरीच्या जवळजवळ एक सप्तक खाली. जिभली जोडली की तो आणखी थोडा उतरतो. पेराचा पडदा फोडताना आत कंगोरा राहिला किंवा भिंतीला केसाएवढी चीर गेली, तर उत्तम बांबूही बेसूर होतो. खानदेशच्या वैशाखात अशा चिरा पडतातच. पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेला आणि सावलीत वाळवलेला बांबू घ्यावा. बांबूत साखर-पिष्ट जास्त असलं, तर भुंगा लवकर लागतो.

पीव्हीसी वापरणाऱ्यांना मात्र कळकळीने सांगतो: लाल तापलेल्या सळईने भोकं पाडू नका. बांबूला चालणारी ही रीत पीव्हीसीत घातक आहे. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो आणि तो थेट छातीत जातो. हाताच्या गिरमिटाने, हळू भोक पाडा. भंगारातला जुना पाइप घेऊच नका. पाइपांमधल्या शिशाच्या वापरावर केंद्राने २०२१ मध्ये नियम केले. त्याआधीच्या पाइपात शिसं असू शकतं, आणि घासताना त्याची धूळ तोंडात जाते.

जिभली मात्र बांबूचीच ठेवा. तिथे साहित्यच स्वर ठरवतं: पातीची लवचीकता, जाडी, ओल धरणं. सांध्यांना मेण लावा. एपॉक्सी लावलं, की जिभली बदलायला भोपळाच फोडावा लागेल. उन्हात मेण मऊ पडतं, म्हणून त्यात थोडी राळ मिसळावी.

दोन नळ्यांचा स्वर जुळवताना थरथर ऐका. सेकंदाला दोनदा थरथरला, तर फरक दोन हर्ट्झचा. जिभलीच्या टोकाला मेणाचा कण लावून स्वर खाली आणा, मुळाशी पात किंचित खरवडली तरी खालीच येतो. टोक खरवडलं तर चढतो.

ज्यांनी दोन्ही प्रकारच्या नळ्या बनवल्या आहेत, त्यांनी आतला व्यास, लांबी, भोकांची अंतरं आणि जिभलीची लांबी आम्हाला कळवावी. पुढच्या अंकात ती मापं शेजारीशेजारी छापू.