मोडीतलं मांडवात

लग्नाला हल्ली थीम लागते, आणि सध्या ‘जुना काळ’ या थीमला फार मागणी आहे. भाटघर धरणाच्या पाण्याकाठी लग्नसराईत एखादा मांडव बघून या. प्रवेशाशी बैलगाडीचं चाक टेकवलेलं असतं. पुढे ग्रामोफोन, त्याच्या शेजारी कंदिलांची रांग, एक टाइपरायटर आणि फुलं भरलेली लोखंडी ट्रंक. हे सगळं पुण्याहून टेम्पोत येतं आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोतच परत जातं. ग्रामोफोनला पिन नसते आणि कंदिलात वात नसते, पण फोटोत ते कुणाला कळत नाही.

हा टेम्पो भोर-वेल्ह्यातल्या ज्या गावांमधून येतो, तिथल्या माळ्यांवर खरी चाकं, खरे कंदील आणि खऱ्या ट्रंका पडून आहेत. नवरीच्या आजोळीही असतात. त्या कुणी खाली काढत नाही, कारण त्या ‘अडगळ’ आहेत. भाड्याने आली की तीच वस्तू ‘विंटेज’ होते. माझी तक्रार सजावटीबद्दल नाही. दुसऱ्याचं जुनं भाड्याने आणायचं आणि आपलं किलोवर विकायचं, या व्यवहाराबद्दल आहे.

हा व्यवहार आजचा नाही. साठ-सत्तरच्या दशकात स्वयंपाकघरांत स्टेनलेस स्टील शिरलं आणि तांब्या-पितळेची भांडी मोडीत निघाली. भांड्यांच्या दुकानात जुनं पितळ वजनावर द्यायचं, मोडीचे पैसे वळते करून नवं स्टील घ्यायचं. त्याला कारणंही होती. पितळ चिंचेने घासावं लागे, आंबट पदार्थ कळकू नये म्हणून वेळोवेळी कल्हई लावावी लागे, आणि हे सगळं बाईच्याच वाट्याला येई. त्या पिढीने पितळ विकलं त्यात नवल नाही. पण घंगाळ, बंब, हंडे, परात आणि समया यांच्याबरोबर ती घडवणाऱ्यांचं कामही कमी होत गेलं. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत आजही तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने ठोके देऊन मठारकाम होतं. यंत्राने घडवलेल्या गुळगुळीत भांड्याला ती सर नाही.

खरं तर जुन्या वस्तूला लग्नात मानाने बसवायची रीत आपल्याकडे आधीपासूनच आहे. त्यासाठी थीम लागत नाही. हळद जात्यावर दळतात, त्या जात्याला सुपारी बांधून आधी त्याची पूजा होते. वर्षभर त्या घरात पीठ गिरणीतून येत असतं, तरी त्या दिवशी जातं लागतंच. उखळ-मुसळाला आंब्याची डहाळी बांधून सुवासिनी घाणा भरतात. नवरा-नवरी उभे राहतात ते पाटावर. पुढे बारशाला पाटा-वरवंट्यातला वरवंटाही कामाला येतो.

या सगळ्यात मला सर्वांत बोलकं वाटतं ते माप. नवी सून उंबऱ्यावरचं तांदळाने भरलेलं माप उजव्या पायाने लवंडून घरात येते. शेर, अधोली, पायली ही धान्य मोजायची मापं. १९५६च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली, किलो आणि लिटर रुळले आणि बाजारात या मापांचं काम संपलं. उंबऱ्यावरचं काम मात्र त्यांना कुणी सोडू दिलं नाही. हिशेबाच्या वहीतून बाद झालेली वस्तू घरातल्या सर्वांत मोठ्या दिवशी पहिल्या पावलाखाली राहिली. जुन्याला कामात ठेवणं म्हणजे काय, हे यापेक्षा नेमकं कुणी दाखवलेलं नाही. आता बाजारात चंदेरी मुलामा दिलेला, वर मोती चिकटवलेला ‘मापाचा सेट’ मिळतो. घरात पणजीचं पितळी माप असताना तो विकत आणू नका, एवढंच म्हणेन.

भोर-वेल्हे हा पावसाचा आणि भाताचा मुलूख. इथल्या अडगळीवर त्याचा ठसा असतो. बांबू आणि पानांचं इरलं घ्या. भातलावणीच्या वेळी वाकून काम करताना पाठ कोरडी राहावी म्हणून ते पाठीवर घेत. प्लॅस्टिकच्या कागदाने त्याला हटवलं. तेच इरलं मांडवात उलटं टांगून आत एक पिवळा बल्ब सोडला, की विणीतून जमिनीवर जी जाळी पडते तिला तोड नाही. धान्य साठवायची छोटी कणगी स्वच्छ पुसून अक्षतांच्या पुड्या ठेवायला वापरता येते. भाकरीचं पीठ मळायची काठवट विड्यांसाठी, शिंकाळं फुलांच्या परडीसाठी, तांब्याचा बंब दाराशी गोंड्याच्या फुलांसाठी. बंबाची आतली नळी पाहून लहान मुलं हे काय म्हणून विचारतात. तेवढ्यात एखादे आजोबा पुढे सरसावून सांगायला लागतात. मांडवात असा विषय निघावा, यासाठी तरी बंब आणावा.

हे करताना मी एकच नियम पाळते आणि तोच सगळ्यांना सांगते: जो बदल उद्या काढून टाकता येईल, तेवढाच करायचा. समईला भोक पाडून तिचा टेबललॅम्प केला, की ती पुन्हा समई होत नाही. त्याऐवजी तेलाच्या जागी बॅटरीवरची छोटी दिवली बसवा. कंदिलातही तेच करा, म्हणजे मांडवाच्या कापडाला धोका नाही आणि काचही काळी होत नाही. पितळ चिंच, लिंबू, मिठाने घासा, पण लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरडं पुसा. आंबट अंगावर राहिलं की हिरवट डाग धरतात. जेवणासाठी भांडं वापरणार असाल तर कल्हई हवीच. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकून कथील फिरवतो आणि कापसाने ते आतून एकसारखं पसरवतो. बघता बघता काळं भांडं आतून चांदीसारखं उजळतं. हे काम करणारा माणूस सापडला तर त्याचा फोन नंबर जपून ठेवा.

लाकडाचं थोडं वेगळं. वाडा पाडला की सागवानी दरवाजे जुन्या लाकडाच्या वखारीत जातात. असा एक दरवाजा दोन घोड्यांवर आडवा ठेवला, की आहेराचं किंवा सरबताचं झकास टेबल होतं. आधी वाळवी नाही ना हे उलटून बघा, मग जवसाचं तेल हलक्या हाताने चोळा. त्यावर जुना ऑइलपेंट असेल तर घरात पोरांच्या समोर कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असतं आणि त्याची धूळ वाईट. पितळी कड्या, बिजागऱ्या काढून ‘वेगळं क्राफ्ट’ करण्याचा मोहही टाळा, कारण दरवाजाची अर्धी ओळख त्या कड्यांत असते.

कापडाचा नियम आणखी कडक आहे. जुनी पैठणी पार्श्वभूमीला लावायची तर स्टेपलर आणि टाचण्या दूर ठेवा. वरच्या बाजूला सुती पट्टी हातशिलाईने टाका आणि ती पट्टी बांबूला बांधा. धड पैठणी कात्रीखाली घालू नका. चांदीच्या जरीच्या साड्या जाळून चांदी काढणाऱ्यांना अनेक घरांनी विकल्या, तेवढं पुरे झालं. घडीवर विरलेल्या साडीचे काठ मात्र तोरणाला, ओटीच्या पिशव्यांना, निमंत्रणाच्या पाकिटांना खुशाल वापरा. सुती लुगड्यांची तर गोधडीच व्हायला हवी. थरावर थर घालून धावदोऱ्याने शिवलेली वाकळ ही पुनर्वापराची आपली सर्वांत जुनी शाळा आहे. ती कुणी शिबिरात शिकवली नव्हती. आजीच्या लुगड्याची गोधडी रुखवतात ठेवलेली मी पाहिली आहे. आजूबाजूला सुपारीचे भटजी आणि थर्माकोलचा बंगला होता, पण बायका हात लावत होत्या तो गोधडीला. थर्माकोलचा बंगला आठवड्याने कचऱ्यात जातो, गोधडी पाळण्यात जाते.

रोजच्या वापरातल्या वस्तूंना मोल असतं, हे या भागाला पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी दाखवलं. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने १९२०च्या सुमारास संग्रह सुरू केला. अडकित्ते, दिवे, फण्या, वज्र्या, दौती, दारं, जे लोक मोडीत काढत होते ते त्यांनी गोळा केलं. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभं केलं आणि १९७५ साली हा संग्रह महाराष्ट्र शासनाकडे सोपवला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आज तिथेच पाहायला मिळतात. सजावट ठरवण्याआधी नवरा-नवरीने एक दुपार तिथे घालवावी. अडकित्त्यात किती तऱ्हा असू शकतात हे कळलं, की घरातला अडकित्ता फेकवत नाही.

मात्र सगळंच जुनं सजावटीसाठी नसतं. मोडी लिपीतले कागद फ्रेम करून किंवा ट्रेवर चिकटवून लावायची एक फॅशन आली आहे. कृपा करून असं करू नका. भोर हे पंतसचिवांचं संस्थान होतं. इथल्या घरांत निघणारा कागद वतनाचा, जमिनीचा किंवा एखाद्या निवाड्याचा असू शकतो. डिंक आणि लॅमिनेशन त्याला कायमचं मारतं. १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यातच आहे, आधी तो कागद तिथे दाखवा. दुसरं, उन्हाळ्यात भाटघरचं पाणी ओसरलं की कांबऱ्याचं पाण्याखाली गेलेलं शिवमंदिर उघडं पडतं आणि लोक बघायला जातात. तिथला एकही घडीव दगड ‘गार्डनसाठी’ उचलायचा नाही. शंभर वर्षांपुढच्या शिल्पांना १९७२च्या पुरावशेष कायद्याचं संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी तो दगड आपला नाही. तिसरं, देव्हाऱ्यातल्या जुन्या मूर्ती आणि टाक फोटोच्या कोपऱ्यासाठी नसतात. ते देवकाच्या जागीच शोभतात.

तेव्हा ज्यांच्या घरी येत्या मोसमात कार्य आहे त्यांना एक विनंती. सजावटवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी माळा उतरवा. घरातल्या सर्वांत वडील बाईला खुर्चीत बसवा, एकेक वस्तू तिच्या पुढे ठेवा आणि वस्तूचं नाव, काम, ती कुणाच्या आहेरातून आली ते चिठ्ठीवर लिहून घ्या. वस्तूशेजारी तीच चिठ्ठी मांडवात लावा. पाहुणे ग्रामोफोनपेक्षा त्या चिठ्ठ्या जास्त वाचतील. कार्य झालं की वस्तू पुन्हा माळ्यावर टाकू नका. परात कणीक मळायला, घंगाळ अंगणातल्या झाडांच्या पाण्याला, पाट जेवायला बसायला घ्या. सजावट एका दिवसाची असते, वस्तू वापरानेच टिकते.