फुली आणि फुली

गेल्या चवथीच्या आदल्या दिवशी माझी चांगलीच फजिती झाली. पेडण्याला काकांकडे माटोळीचे सामान पोहोचवायचे होते आणि डिचोलीच्या आमच्या अंगणात वडिलांची जुनी जपानी बनावटीची मोटारसायकल पेट्रोल गाळत उभी. कार्ब्युरेटरची वाटी साफ करू म्हणून घरातला फुलीचा स्क्रूड्रायव्हर घेतला. तीन स्क्रू कसेबसे सुटले. चौथ्यावर जोर दिला, ड्रायव्हर वर सरकला आणि फुलीच गुळगुळीत झाली. वडिलांनी या गाडीवर ओरखडाही येऊ दिला नव्हता. ते असते तर काय म्हणाले असते, हेच मनात आले.

सासरे सणाला बेळगावहून आले होते. जन्मभर फिटरचे काम केलेले. "निधान, जावईबापू, निधान! ह्यो तिरुपु जपानी हाय आणि तुमचा ड्रायव्हर अमेरिकन."

मला वाटे, फुली ती फुली. पण नेहमीची फिलिप्स फुली, जिचे पेटंट १९३६ सालचे, तळाकडे निमुळती होत जाते. जोर वाढला की ड्रायव्हर वर सरकू लागतो. जुन्या जपानी गाड्यांतली फुली उथळ, ड्रायव्हरचे टोकही बोथट. फिलिप्सचे टोक तिच्या तळाला टेकते, पण बाजू धरत नाही. अशा स्क्रूच्या डोक्यावर बहुधा एक बारीक टिंब असते. चष्मा लावून पाहिले, होते! तिसरी जात पोझिड्रिव्ह. तिच्या फुलीच्या मधे चार बारीक तिरक्या रेषा असतात. कपाटाच्या बिजागऱ्यांवर ती बऱ्याचदा दिसते.

जात कळली तरी नंबर पाहावाच लागतो. मामांची परीक्षा सोपी: ड्रायव्हर फुलीत बसवून हलवून पाहायचा. डुगडुगला तर तो नव्हे. जोर लावायचा तो त्यानंतर, आणि आधी फिरवायचा नाही, दाबायचा. (हे मला कॉलेजात कुणी शिकवले नाही, मीही कुणाला शिकवलेले नाही.)

चौथ्या स्क्रूच्या डोक्यावर त्यांनी हॅकसॉच्या पात्याने एक आडवी खाच पाडली आणि चपट्या ड्रायव्हरने तो अलगद सोडवला. नवा स्क्रू त्या वेळी कुठून मिळणार? तोच परत बसवला. दिवेलागणीला मी पेडण्यात होतो. खाचेचा तो स्क्रू अजूनही गाडीत आहे.