मणक्यात सिमेंट भरले, हाडांचे काय?

दबलेल्या मणक्यात सुईवाटे बोन सिमेंट भरायचे, वेदना थांबली म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी रुग्णाला घरी धाडायचे, एवढ्यालाच उपचार मानण्याची रीत दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडात रुजली आहे. ही रीत अपुरी आहे, आणि तिची किंमत म्हातारपण मोजते.

मणका मोडला तो हाडे ठिसूळ झाली म्हणून. सिमेंट एका मणक्याला आधार देते. उरलेला कणा होता तसाच ठिसूळ राहतो. 2001 साली ‘जामा’त प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, मणका नव्याने मोडलेल्या स्त्रियांपैकी सुमारे पाचांत एकीचा आणखी एक मणका वर्षभरात मोडतो. सिमेंटच्या कडकपणामुळे शेजारच्या मणक्यावर ताण वाढतो का, हा वाद अजून मिटलेला नाही. परंतु मूळ रोगाकडे दुर्लक्ष केल्यास धोका कायम राहतो, याविषयी वाद नाही.

सिमेंटचा वेदनाशमनाचा दावाही निर्विवाद नाही. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत खरी प्रक्रिया लटक्या प्रक्रियेहून सरस ठरली नाही. 2016 च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत ताज्या, तीव्र वेदनेच्या रुग्णांना लाभ दिसला. म्हणजे सिमेंट निवडक रुग्णांसाठी आहे, सरसकट सर्वांसाठी नाही.

याउलट औषधांचा पुरावा भक्कम आहे. वर्षातून एकदा शिरेतून देण्याच्या झोलेड्रॉनिक ॲसिडने तीन वर्षांत मणके मोडण्याचे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी घटवले, हे 2007 सालीच सिद्ध झाले. डेनोसुमॅबचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी घ्यावे लागते. ते पर्यायी औषधाविना मध्येच थांबवल्यास एकापाठोपाठ अनेक मणके मोडू शकतात. ही सूचना रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचलीच पाहिजे.

प्रश्न मूठभरांचा नाही. दिल्लीत केलेल्या पाहणीत पन्नाशीपुढील सुमारे 18 टक्के लोकांत मोडलेले मणके आढळले, आणि पुरुषही त्यातून सुटले नव्हते. भरपूर ऊन असलेल्या याच शहरात ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते.

म्हणून घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर डेक्सा चाचणी, ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी, हाडे बळकट करणारे औषध आणि पुढील भेटीची तारीख या चार गोष्टी नसतील, तर तो उपचार अर्धवट समजावा. सिमेंटचे बिल लगेच हाती येते. दुसऱ्या मणक्याचे बिल वर्षभराने येते, आणि ते रुग्णाच्या पाठीवर लिहिलेले असते.