वस्ती आपली, क्रेडिट त्यांचे



मागच्या हिवाळ्यात उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचे चौदा विद्यार्थी आणि त्यांच्या प्राध्यापिका आल्या होत्या. तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम होता. दिल्ली, मुंबई आणि शेवटी नागपूर. त्यांनी दीक्षाभूमी पाहिली, आमच्या विहारात वंदनेला बसले, दोन दिवस वस्तीत फिरून बायाबापड्यांशी बोलले. मुले चांगली होती. वाचून आली होती. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या त्यांच्या प्रतींवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. आमच्या अभ्यासिकेतली बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी दोन्ही दिवस त्यांची दुभाषी म्हणून फिरली. तिची आई धुणीभांडी करते, वडील सेंट्रिंगच्या कामावर जातात. निरोपाच्या वेळी पाहुण्यांनी तिला विद्यापीठाचे नाव असलेला टी-शर्ट दिला. बोलता बोलता कळले की या तीन आठवड्यांचे त्यांना तीन क्रेडिट मिळणार आहेत.

महिन्याभराने त्या मुलीच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नोटीस आली. युरोपातली तीन शहरे, बारा दिवस, सोबत कॉलेजचे दोन प्राध्यापक, दोन क्रेडिट. खर्च दोन लाख चाळीस हजार. पहिला हप्ता पंधरा दिवसांत भरायचा. तिने ती नोटीस मला दाखवली, घरी दाखवली नाही. म्हणाली, "ताई, घरी कशाला सांगू? आई उगाच बचत गटात कर्ज विचारायला जाईल."

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहिते आहे.

हे प्रकरण नेमके काय आहे?

अशा अभ्यासक्रमात विद्यार्थी परदेशी विद्यापीठात प्रवेश घेत नाही. आपल्याच कॉलेजचा प्राध्यापक पंधरा-वीस विद्यार्थ्यांना घेऊन दोन ते सहा आठवडे बाहेर जातो. आधी वाचन, तिथे भेटी आणि व्याख्याने, परत आल्यावर अहवाल, आणि क्रेडिट आपल्याच कॉलेजचे. राहण्याजेवण्याची व्यवस्था बहुतेक वेळा एखादी एजन्सी करते. प्राध्यापकाचे तिकीट आणि हॉटेल बऱ्याचदा विद्यार्थ्यांच्या शुल्कातच वाटून टाकलेले असते. अमेरिकेत ही पद्धत जुनी आहे. तिथून परदेशात शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक आठ आठवडे किंवा त्याहून कमी काळासाठीच जातात. आपल्याकडे खासगी विद्यापीठांनी आणि स्वायत्त कॉलेजांनी ती उचलली. नव्या शैक्षणिक धोरणाच्या 'आंतरराष्ट्रीयीकरणा'ने तिला सरकारी आशीर्वादही मिळाला.

आपल्या चळवळीतल्या मित्रांची यावरची प्रतिक्रिया मला ठाऊक आहे. "श्रीमंतांच्या पोरांची सहल आहे. आपला काय संबंध?" मला ही प्रतिक्रिया चुकीची वाटते. सहल घरच्या पैशाने केली तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण सहलीचे क्रेडिट गुणपत्रिकेवर चढले की ती सहल राहत नाही. उद्या पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखतीत, नोकरीच्या अर्जात, 'इंटरनॅशनल एक्स्पोजर' नावाच्या रकान्यात ते बारा दिवस बोलणार. समाजशास्त्रात बोर्द्यू ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो ते हेच. बापाच्या खिशातला पैसा एका टोकाने आत जातो आणि दुसऱ्या टोकाने पोराची 'गुणवत्ता' होऊन बाहेर पडतो. मग तीच गुणवत्ता आपल्याला आरक्षणावरून टोमणे मारते.

आपल्यासाठी शासनाकडे काय आहे?

केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. वर्षाला १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या ७५ जागा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी. दोन्ही योजना पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. त्या टिकल्या पाहिजेत, वाढल्या पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. पण बी.ए., बी.कॉम.च्या मुलीला दोन आठवड्यांसाठी बाहेर जायचे असेल तर या दोन्ही दारांवर तिच्यासाठी कडी लागलेली आहे.

अभ्याससहलीचा खर्च शासनाने उचलावा, हे तत्त्व मात्र नवे नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या केंद्रीय नियमावलीत व्यावसायिक व तांत्रिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना स्टडी टूरसाठी वर्षाला जास्तीत जास्त १६०० रुपये देण्याची तरतूद होती. रक्कम हास्यास्पद होती, पण तत्त्व मान्य होते.

दुसरी गोष्ट अधिक झोंबणारी आहे. २०२२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांत बदल केला. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. म्हणजे आपल्या मुलाला जातीवर संशोधन करायला परदेशात जायचे असेल तर शासन पैसे देणार नाही. आणि परदेशातला मुलगा तीन आठवडे आपल्या वस्तीत येऊन जातीवर अहवाल लिहील व क्रेडिट घेऊन जाईल. ज्यांनी जात भोगली त्यांनी माहिती द्यायची, ज्यांनी ती पुस्तकात वाचली त्यांनी ज्ञान तयार करायचे. ही ज्ञानाची वर्णव्यवस्थाच झाली.

दोन आठवड्यांत काय शिकता येते?

आता चळवळीतला दुसरा आक्षेप. "बाबासाहेब कोलंबियात तीन वर्षे होते. बारा दिवसांत कोण काय शिकणार?"

बाबासाहेबांचा १९१३ चा प्रवास आपल्याला पाठ आहे. सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, कोलंबिया, पुढे लंडन. पण त्यांच्या छोट्या प्रवासांकडे आपण कमी पाहतो. १९५० साली ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत कँडीला गेले. धर्मांतर व्हायला अजून सहा वर्षे होती. तिथे बौद्ध विधी कसे होतात आणि हा धर्म लोकांच्या जगण्यात किती जिवंत आहे, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. १९५४ मध्ये ते रंगूनला गेले, १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये काठमांडूला. हे सगळे थोड्या दिवसांचेच प्रवास होते. पण जाणाऱ्याच्या मनात प्रश्न होता, आणि त्या प्रश्नामागे लाखो लोकांचे भवितव्य होते.

म्हणून दिवस किती, यापेक्षा प्रश्न कोणाचा आणि वाट दाखवणारा कोण, हे मी आधी विचारते. कँडीचेच उदाहरण घ्या. कोणतीही टूर कंपनी तुम्हाला दंतधातूचे मंदिर दाखवेल, फोटो काढू देईल आणि पुढच्या बसमध्ये बसवेल. आपला एखादा पालीचा किंवा समाजशास्त्राचा प्राध्यापक सोबत असेल तर तो त्याच मंदिरासमोर उभा राहून सांगेल की बुद्धाच्या संघातही जात शिरली होती. अठराव्या शतकात स्थापन झालेल्या सियाम निकायात उपसंपदा गोविगम या वरच्या मानलेल्या जातीपुरती मर्यादित झाली. तेव्हा इतर जातींतल्या लोकांनी ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घेतली आणि त्यातून अमरपुर निकाय उभा राहिला. आपल्या पोरांनी हे तिथे जाऊन पाहिले, तिथल्या भिक्खूंना प्रश्न विचारले, तर बारा दिवस पुष्कळ झाले. धम्म स्वीकारल्यावर जात आपोआप मरते का, हा आपल्या घरातला प्रश्न आहे. त्याचे अर्धे उत्तर तिथे सापडेल.

१९५९ साली मार्टिन ल्यूथर किंग साधारण महिनाभर भारतात होते. यजमान होते गांधी स्मारक निधी. मुंबईत त्यांचा मुक्काम मणिभवनात. त्याच दौऱ्यात त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी पूर्वास्पृश्य मुलांपुढे त्यांची ओळख अमेरिकेतले एक अस्पृश्य अशी करून दिली. किंग आधी दुखावले, मग विचारात पडले आणि स्वतःला म्हणाले, हो, मी अस्पृश्यच आहे. हा प्रसंग त्यांनी पुढे १९६५ च्या प्रवचनात सांगितला. यजमानांनी आखलेल्या महिन्याभराच्या दौऱ्यातून जगाच्या लक्षात राहिला तो आपल्या लेकरांच्या शाळेतला हा क्षण.

तिकीट फुकट मिळाले तरी...

समजा उद्या कॉलेजने एक जागा मोफत केली. तरी ती मुलगी विमानात बसेल का? पासपोर्टची फी १५०० रुपये. शाळेच्या दाखल्यावर आडनावाचे स्पेलिंग एक, आधारवर दुसरे. ते दुरुस्त करायला आईवडिलांच्या किती मजुऱ्या बुडतील ते मोजा. युरोपच्या शेंगेन व्हिसाला बँकेतली शिल्लक दाखवावी लागते, किमान तीस हजार युरोंचा प्रवास विमा लागतो. म्हणजे शिष्यवृत्ती मिळवायला उत्पन्नाचा दाखला काढून गरीब असल्याचे सिद्ध करा, आणि व्हिसा मिळवायला बँकेचे स्टेटमेंट काढून गरीब नसल्याचे सिद्ध करा.

यावर जगात उपाय झालेले आहेत. अमेरिकेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे परदेशी अभ्यासक्रमांतले प्रमाण उच्च शिक्षणातल्या त्यांच्या वाट्यापेक्षा बरेच कमी आहे. तिथेही हाच झगडा झाला. २००० साली कायदा करून गिलमन शिष्यवृत्ती आणली गेली. पदवीच्या ज्या विद्यार्थ्यांना गरजूंसाठीचे पेल अनुदान मिळते, त्यांनाच ती मिळू शकते. रक्कम पाच हजार डॉलरपर्यंत, आणि काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमांनाही लागू. ब्रिटनने २०२१ मध्ये सुरू केलेल्या ट्युरिंग योजनेत वंचित घरातल्या विद्यार्थ्यांच्या पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याच्या खर्चाचीही तरतूद ठेवली. भांडवलशाही देशांना हे सुचते, आणि 'सामाजिक न्याय' नावाचे खाते असलेल्या आपल्या राज्याला सुचत नाही.

मग मागणी काय करायची?

एक. निधीशिवाय क्रेडिट नाही. परदेशी अभ्यासक्रमाला क्रेडिट द्यायचे असेल तर कॉलेजने आरक्षणाच्या प्रमाणात पूर्ण खर्चाच्या जागा ठेवाव्यात. ते जमत नसेल तर तितक्याच क्रेडिटचा देशातला पर्याय सर्वांना द्यावा. प्राध्यापकाचा खर्च विद्यार्थ्यांच्या माथी मारू नये.

दोन. समाजकल्याण विभागाने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी छोटी योजना आणावी. तीत पासपोर्ट, व्हिसा आणि विमा धरावा, आणि दूतावासात चालेल असे प्रायोजकत्वाचे पत्र द्यावे. परदेशी पदव्यांच्या चालू शिष्यवृत्त्यांतून एक रुपयाही इकडे वळवू नये.

तीन. आपल्या प्राध्यापकांनी स्वतः अभ्यासक्रम आखावेत. कोलंबो-कँडी जवळ आहे आणि युरोपपेक्षा स्वस्त. पुढे न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठ आणि हार्लेम, लंडनला किंग हेन्रीज रोडवरचे बाबासाहेबांचे निवासस्थान, जे महाराष्ट्र शासनानेच विकत घेतले आहे.

चार. परदेशी वर्ग आपल्या वस्तीत आला तर स्वागत करा, पण अटी ठेवा. दुभाष्याला रीतसर मानधन, अहवालाची प्रत वस्तीला, आणि त्यांच्या विद्यापीठात आपल्या एका विद्यार्थ्यासाठी जागा. टी-शर्टवर बोळवण नको.

काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतील, "वसतिगृहाच्या मुलांना शिष्यवृत्तीचे हप्ते वेळेवर मिळत नाहीत, आणि तुम्ही विमानाच्या गप्पा करता." वसतिगृह आणि शिष्यवृत्ती पहिली, हे मलाही मान्य आहे. निवड करायची वेळ आली तर मी वसतिगृहच निवडेन. पण ही निवड आपल्यापुढे ठेवली कोणी? ज्यांची पोरे युरोपला जाऊन क्रेडिट आणतात, त्यांना कोणीच असे विचारत नाही. पोटापुरते मागा, त्यापलीकडचे मागू नका, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. १९१३ साली अस्पृश्यांच्या पोरांना धड प्राथमिक शाळाही नव्हत्या. त्याच वर्षी एक तरुण बोटीने न्यूयॉर्कला गेला.

तरुण मित्रमैत्रिणींनो, दोन कामे या महिन्यात करा. पासपोर्ट काढून ठेवा, संधी आल्यावर धावपळ नको. आणि आपल्या कॉलेजने गेल्या तीन वर्षांत किती विद्यार्थी परदेशी अभ्यासक्रमाला नेले, त्यात अनुसूचित जाती-जमातींचे किती, प्राध्यापकांचा खर्च कोणी दिला, हे लेखी विचारा. कॉलेज अनुदानित असेल तर माहितीच्या अधिकारात विचारा. आकडा हातात असल्याशिवाय भांडण उभे राहत नाही.

त्या मुलीने आमच्या अभ्यासिकेतल्या संगणकावर पासपोर्टचा अर्ज भरला आहे. आडनावाच्या स्पेलिंगपायी एकदा परत आला, दुसऱ्यांदा भरला. फीचे पैसे तिने शिकवणीतून जमवले. या वेळी आईला सांगितले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!