सतरा नंबरचा फॉर्म

दिवाळीच्या अंकासाठी काही तरी खुसखुशीत लिहा, असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा माझ्यापुढे चकल्यांचे ताट नव्हते. एक प्लॅस्टिकची पिशवी होती. आषाढातली संध्याकाळ. बाहेर पाऊस, मंठ्याची वीज नेहमीप्रमाणे गेलेली, आणि ओसरीवर शेजारची सूनबाई पिशवी पदराखाली धरून उभी.

"गुर्जी, मला बी.ए.ला घेतील का हो?"

बाई चौतिशीची. गावच्या अंगणवाडीत सेविका. थोरला मुलगा यंदा दहावीला. मला वाटले, मुलाचेच काही विचारते आहे. पण नाही, प्रश्न तिचाच होता. अंगणवाडीवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेच्या जागेला पदवी लागते, आणि हिच्याजवळ दहावीची गुणपत्रिका. ती नेमली गेली तेव्हा दहावी पुरत होती. २०२३ पासून नव्या सेविकेलाच बारावी लागते. म्हणजे आज ती स्वतःच्याच जागेसाठी अर्ज करू गेली, तर तो परत येईल.

"बी.ए.ला काय लागतं, तेवढंच सांगा," ती म्हणाली.

काय लागते? ऐकायला सोपे आहे. इंजिनिअरिंगला, फार्मसीला सीईटी, साध्या बी.ए.ला बारावी पास, बस्स. पण या 'बस्स'पर्यंत पोचताना माणसाची किती वर्षे जातात, हे मला ठाऊक आहे. म्हणून थोडे माझे सांगतो. म्हाताऱ्याने विषय सोडला असे समजू नका.

माझ्या वडिलांच्या काळी पदवी म्हणजे हैदराबाद. परतूरला जाऊन निजाम सरकारची गाडी धरायची. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवण्याचे माध्यम उर्दू. घरी मराठी, बाजारात मराठी, आणि विज्ञान-इतिहास मात्र उर्दूतून. औरंगाबादला १९२३ पासून कॉलेज होते, पण तेही इंटरपर्यंतचे. मराठवाडा विद्यापीठ निघाले २३ ऑगस्ट १९५८ रोजी, तेव्हा कुठे आमच्या पोरांना पदवी हाताच्या टप्प्यात आली. हाताच्या टप्प्यात म्हणजे एस.टी.च्या टप्प्यात, बरे का.

मी मॅट्रिक झालो १९६९ साली. तेव्हा बी.ए.च्या आधी पी.यु.सी.चे एक वर्ष असे. मार्क बरे होते. फीचे पैसे वडिलांनी कापसाच्या हिशेबातून आधीच बाजूला काढून ठेवले होते. कॉलेजच्या खिडकीशी पोचलो तर कारकुनाने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारले, "तू दोनदा जन्मलास काय रे?" शाळेच्या दाखल्यावर एक साल, मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर दुसरे. तारीख मात्र दोन्हीकडे १ जून. आमच्या वर्गातली निम्मी पोरे १ जूनलाच जन्मलेली. नाव घालायला आलेल्या आईला तारीख आठवेना, की गुरुजी १ जून लिहून मोकळे. पुढे मीही गुरुजी झालो आणि तेच केले, हे आता कबूल करायला हरकत नाही.

दुरुस्तीसाठी परत आलो. शाळेचे मुख्याध्यापक रजेवर. मग चार दिवस पावसाने रस्ता बंद. दुरुस्त दाखला घेऊन पुन्हा खिडकीशी गेलो तेव्हा ती बंद होती. ते वर्ष मी एका किराणा दुकानात खतावणी लिहिली. वडील एक अक्षर बोलले नाहीत. बाजूला काढलेल्या फीच्या पैशांतून त्यांनी बहिणीच्या लग्नाचे लुगडे आणले, आणि पुढच्या साली फी पुन्हा नव्याने जमवावी लागली.

असो. १९७५ साली दहावीवर शालान्त परीक्षा आली, पाठोपाठ पी.यु.सी. जाऊन बारावी आली. नावे बदलली, कागदांची पिशवी काही बदलली नाही.

सूनबाईने कुठून तरी ऐकले होते, की मुक्त विद्यापीठात बारावीशिवाय बी.ए. होते. तेही खोटे नव्हे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले. त्याने बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ठेवला होता, आणि त्या वाटेने आमच्या गल्लीतलेच एक एस.टी. कंडक्टर बी.ए. झाले. पेढेसुद्धा वाटले. पण पुढे बढतीच्या वेळी "बारावीची गुणपत्रिका कुठे?" म्हणून त्यांना किती खेटे घालावे लागले, ते मी पाहिले आहे. म्हणून मी तिला सरळ सांगितले, "पोरी, आडवाट नको. सतरा नंबरचा फॉर्म भर."

शाळा-कॉलेजात न बसता बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा हा फॉर्म. हल्ली तो ऑनलाइन भरतात आणि कागद ठरवून दिलेल्या संपर्क केंद्रावर नेऊन देतात. विषय आपणच निवडायचे, पण इंग्रजीला सुटका नाही. प्रत्येक विषयात शंभरांत पस्तीस. आणि सर्वांत मोठी अट म्हणजे शाळा सोडल्याचा मूळ दाखला.

इथे तिचा चेहरा उतरला. दहावीनंतर माहेरी, जिंतूरकडे, तिने अकरावीला नाव घातले होते. दोन महिने गेली; मग लग्न. दाखला त्या कॉलेजातच राहिला. सोळा वर्षे कुणाला आठवणही नव्हती. ती तीन वेळा गेली. पहिल्यांदा रजिस्टर सापडेना, दुसऱ्यांदा सही करणारे साहेब बैठकीला. प्रत्येक वेळी अंगणवाडीची रजा आणि गाडीभाडे. मूळ दाखला नाहीच मिळाला, तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र चालते, हे मी सांगून ठेवले होते, पण ती म्हणाली, "माझाच दाखला हाय, हरवला म्हणून कशाला लिहू?" तिसऱ्या खेपेला ती तिथल्या बाकावर दुपारपर्यंत बसून राहिली. संध्याकाळी दाखला घेऊन आली. जन्मतारीख? १ जून.

मग फॉर्म भरायला बसलो. मोबाइलवर तिचा मुलगा. आधारकार्डावर सासरचे नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे. मुलगा आधारचे नाव घालू लागला. मी हात धरला. गुणपत्रिकेवर असेल तेच नाव, त्याच अक्षरांनी; सासरच्या नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला सोबत असू दे. एका वेलांटीच्या फरकाने पुढे वर्ष जाते, हे मला कुणी शिकवायला नको.

"आई, तुझं नाव सांग," मुलगा म्हणाला.

तिने वडिलांचे नाव, आडनाव सांगितले. मुलाने टाइप केले, आणि ती ते वाचत राहिली. "लई दिसांनी पाहिलं," एवढेच म्हणाली.

इंग्रजीची मात्र तिला धास्ती. नापास झाले तर सासर हसेल, अंगणवाडीतली मदतनीससुद्धा हसेल. मी तिला नरहर कुरुंदकरांची गोष्ट सांगितली. आपल्याच मुलखातले, कुरुंद्याचे, १९३२ चा जन्म. इंटरला पुन्हा पुन्हा नापास झाले. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत मास्तरकी करत होते, आणि त्यांचे बोलणे ऐकायला भले भले पदवीधर येऊन बसत. पुढे बी.ए. झाले, एम.ए. झाले, आणि नांदेडच्याच पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. माझ्या मनात पुढे बरेच काही सांगायचे होते. निवृत्त मास्तरला श्रोता मिळाला की तो सोडत नाही.

तिने मध्येच विचारले, "शेवटी इंटर पास झाले ना?"

"झाले."

"मग बरं," म्हणाली आणि पिशवी आवरली.

आता रात्री शेजारच्या घरात एका पंख्याखाली दोघे अभ्यास करतात. मुलाची दहावी, आईची बारावी. दोन्ही परीक्षा फेब्रुवारी-मार्चातच. सासूबाईंनी पहिले पंधरा दिवस भांडी जोरात आपटली. हल्ली संध्याकाळच्या भाकऱ्या त्या थापतात आणि मुकाट्याने थापतात. मुलाची मात्र तक्रार आहे. आई पहाटे चारला उठते आणि त्यालाही उठवते.

दसऱ्याला सोने द्यायला ती आली. पाया पडली, आपट्याचे पान हातात ठेवले, आणि पदराखालून इंग्रजीचे पुस्तक काढून म्हणाली, "गुर्जी, पेपरात पुस्तकाबाहेरचा उतारा येतो म्हणं. पुस्तकात नसलेलं आम्ही वाचायचं कुठून?"

मी चष्मा शोधू लागलो.