घोडे पाच, बोलणारे पंचवीस

घरी बनवलेली तीनचाकी पाहून ज्या माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न "पळते किती?" असा निघतो, त्याला त्या गाडीच्या शंभर फुटांच्या आत उभे राहू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिला प्रश्न "चढते किती?" हा हवा. दुसरा "थांबते कशी?" पळण्याचा नंबर तिसरा, आणि तोही वेळ उरला तर.

हे मत मी आमच्या साडभाऊंच्या अंगणात मांडले, तेव्हा तिथे जमलेल्या पंचवीस जणांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी वेळ संपल्यावर कॅशचा काउंटर उघडा ठेवायला निघालो आहे. साडभाऊंची शेती केळापूर तालुक्यात. या तालुक्याचे नाव केळापूर आणि तहसील कचेरी पांढरकवड्यात; म्हणजे नाव एका जागी, काम दुसऱ्या जागी. गिअरचा सगळा घोटाळाही असाच आहे. हॉर्सपॉवर लिहिलेली असते इंजिनावर आणि गरज असते चाकाला. मधला रस्ता कुणी बघतच नाही.

साडभाऊंनी विहिरीवरचे पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन काढले, भंगारातून मागचा आस आणला, पुढे मोटरसायकलचे तोंड लावले. यात नवल काही नाही. सौराष्ट्रात बुलेटचे पुढचे अंग आणि डिझेल इंजिन जोडून छकडा झाला. पंजाब-हरियाणाकडे पंपाच्या इंजिनावर 'जुगाड' धावले. आपल्याकडे १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेंपोने जर्मन टेंपो कंपनीची हान्सियाट ही तीनचाकी बनवली, आणि ती इतकी रुजली की आपण आजही कुठल्याही मालगाडीला टेंपोच म्हणतो. पण जर्मन माणसाने गिअर ठरवताना टपरीवर मतदान घेतले नसावे.

अंगणातल्या समितीचा ठराव असा होता: गिअरबॉक्स नकोच. एक पट्टा, दोन पुल्या, झाले! "मोठी पुली इंजिनाले लावा, लहान मागं, पाहा कशी पन्नासनं पळते ते!"

मी वाणिज्य शाखेचा माणूस. यंत्रातले मला कळत नाही असे सगळे धरून चालतात. पण हा विषय मुळात यंत्राचा नाही, जमाखर्चाचा आहे. इंजिनाने पाच हॉर्सपॉवर जमा केली. चाकाला ती दोन नावांनी काढता येते, रेटा आणि वेग. दोघांचा गुणाकार जमेपेक्षा जास्त होऊ शकत नाही. वेग दुप्पट हवा, तर रेटा निम्मा. गिअर म्हणजे या खात्यातून त्या खात्यात रक्कम फिरवणारा कारकून. तो पैसे छापत नाही, उलट पट्ट्याचे, दात्यांचे, बेअरिंगचे कमिशन कापून घेतो. ओव्हरड्राफ्टची सोय निसर्गाने ठेवलेलीच नाही.

आता आकडे घ्या. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेते. चाकाचा घेर धरा १.६ मीटर. इंजिन थेट चाकाला बांधले, तर हिशेबाने गाडी ताशी १४४ किलोमीटर पळायला हवी! हा आकडा ऐकून समितीत टाळ्या पडल्या. प्रत्यक्षात ती जागची हलणार नाही. पन्नासने पळवायची तर इंजिनाच्या तीन फेऱ्यांना चाकाचा एक फेरा धरा. कमिशन वजा जाता रेटा उरतो सुमारे २२ किलोचा. गाडी चारशे किलो, कापूस पाच क्विंटल, एकूण ९०० किलो. सपाट डांबरीवर नुसते गडगडत ठेवायलाच १८ किलो लागतात, आणि पन्नासच्या वेगाला समोरचा वारा आणखी तेवढेच मागतो. म्हणजे पन्नासची गाडी सपाटीवरसुद्धा पन्नासने जाणार नाही. काळा धूर मात्र पन्नासचा सोडेल.

आणि सपाटी आहे कुणाकडे? कापूस काही सात नंबरच्या हायवेवर पिकत नाही. (आता त्याला चव्वेचाळीस म्हणतात. नंबर बदलला, खालची माती तीच.) कापूस येतो पांदणीतून. परतीच्या पावसाने भिजलेली काळी माती चाकाला अशी चिकटते, जशी पाहुणी आत्याबाई दिवाळीनंतर. तिथे सपाटीलाही ९० किलो रेटा लागतो. दहा फुटांत एक फूट चढ आला, की आणखी ९०. एकूण १८० किलो. पाच हॉर्सपॉवरला हे जमते, पण ताशी सहा किलोमीटरनेच. त्यासाठी इंजिनाचे चोवीस फेरे आणि चाकाचा एक, हे प्रमाण हवे.

म्हणजे खाली चोवीस आणि वर, रिकाम्या डांबरी रस्त्यासाठी, सहा. सहाला वेग चोवीस किलोमीटर आणि रेटा ४५ किलोचा, भरपूर झाला. एवढी मजल एका पुलीत बसत नाही, चार गिअरच्या जुन्या मोटारीच्या डब्यात मात्र बसते. त्याचा पहिला गिअर साधारण पावणेचारचा असतो, चौथा एकास एक. मागच्या आसातले दाते साडेचारच्या आसपास. उरले ते पट्ट्याने भागवायचे: इंजिनाची पुली लहान, गिअरबॉक्सची तिच्या सव्वापट-दीडपट मोठी. पहिल्या गिअरला तेवीस येतात, चोवीस नाही. एक गाठोडे उतरवा आणि भांडण मिटवा. शिवाय रिव्हर्स फुकट मिळतो, जो पंपाच्या इंजिनात नसतो.

पट्टा डब्याच्या आधीच हवा, नंतर नको. आधी फेरे जास्त आणि पीळ कमी असतो. नंतर तोच पीळ पावणेचारपट होतो आणि पट्टा घसरून जळक्या रबराचा वास देतो.

"बॅटरीच्या रिक्षाले कुठं असते गिअर?" समितीतला एक विद्वान. बरोबर आहे बाबा, पण विजेची मोटर उभ्या जागी पूर्ण जोर लावते. डिझेल इंजिन उभ्या जागी काहीही लावत नाही. ते बंद पडते. दोघांना एका रांगेत उभे करणे म्हणजे बचत खातेदाराला कर्जाचा हप्ता मागणे.

इथवर मी विनोदाने घेतले. पण मग निघाला उताराचा विषय. "उतारावर न्यूट्रल करा भाऊ, डिझेल वाचते." यावर मात्र मी खुर्चीवरून उठलो. न्यूट्रल केले की इंजिन चाकांपासून सुटले. ९०० किलो आता फक्त भंगारातल्या ब्रेकच्या भरवशावर. आणि पुढे चाक एकच! वळणावर तीनचाकीला उलटायला फारसे निमित्त लागत नाही. ज्या गिअरने चढायचे त्याच गिअरने उतरायचे, आणि तो उतार सुरू होण्याआधी घालायचा. गव्हर्नर इंजिनाचे तेल तोडतो, मागून ढकलणाऱ्या चाकांना तोडू शकत नाही. म्हणून पहिल्यातही ब्रेकवर पाय हवाच. एवढ्या उतारावर वाचणारे डिझेल चमच्याने मोजावे लागेल हो!

कारण साडभाऊंचा बेत मला ठाऊक होता. नवरात्रात याच गाडीत बायकापोरे बसवून केळापूरच्या जगदंबेच्या यात्रेला न्यायची. तेही हायवेवरून, कंटेनरच्या ओळीत! मी म्हटले, "कापूस उलटला तर वेचता येतो, भाऊ." पंचवीसांपैकी कुणी हसले नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानेही जुगाड हे मोटार वाहनच ठरवले. नोंदणी आणि विमा नसेल तर रस्त्यावर नको. विम्याशिवाय आमची बँक कपाटाचे कुलूपही बदलत नाही, आणि हे वहिनींना बसवणार!

"तुम्हाले काय समजते त्याच्यातलं, बँकवाले?" साडभाऊ म्हणाले. वहिनींनी मात्र आतूनच जाहीर केले, की त्या यात्रेला एस. टी.ने जातील. समिती तिथेच बरखास्त झाली.

डबा बसला. गाडी शेत ते घर एवढीच चालते. पहिल्या गिअरला ती शेजारच्या बैलजोडीला जेमतेम मागे टाकते, आणि टपरीवरचे अजून विचारतात, पळते किती?