गाठ किती मिलिमीटरची, आणि ती मोजली कशी?

मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या पीपलरावांसारख्या गावातून सीटी स्कॅनसाठी निघालेला रुग्ण देवासला थांबतो, नाहीतर थेट इंदूर गाठतो. पहिला स्कॅन एका केंद्रात होतो आणि तीन महिन्यांनंतरचा दुसऱ्याच, जिथे लवकर नंबर लागेल आणि खर्च झेपेल तिथे. मग दोन रिपोर्ट शेजारी ठेवले जातात. फुफ्फुसातली गाठ आधी 8 मिलिमीटर होती, आता 10 आहे, आणि सगळ्या घराच्या पोटात गोळा येतो. गाठ खरोखर वाढलेली असू शकते. पण ती जराही न वाढता एवढा फरक पडू शकतो, आणि हे ताडून पाहण्यासाठी लागणारी माहिती रिपोर्टाच्या कागदावर बहुतेक वेळा नसते. ती छापणे बंधनकारक व्हायला हवे.

सीटी शरीराच्या पातळ चकत्यांची चित्रे तयार करते. चकती 5 मिलिमीटर जाडीची आणि गाठ 6 मिलिमीटरची असेल, तर गाठीचा काही भाग एका चकतीत येतो, काही शेजारच्या. प्रत्येक ठिपक्यात गाठ आणि भोवतालची हवा यांची सरासरी निघते, कडा पुसट होते आणि ती नेमकी कुठे संपते हे डोळ्याच्या अंदाजावर उरते. चकती 1 मिलिमीटरची घेतली की तीच कडा स्पष्ट दिसते. चित्र तयार करताना वापरलेला फिल्टर, पडद्यावरचे उजळपणाचे सेटिंग, रुग्णाने श्वास किती रोखला, कॉन्ट्रास्ट दिल्यावर किती सेकंदांनी स्कॅन सुरू झाला, यांपैकी काहीही बदलले की मोजमाप बदलू शकते. मूतखड्याचेही तसेच. आडव्या चकत्यांवर मोजला तर उभा लांबट खडा आखूड भरतो, आणि तो आपोआप पडेल की शस्त्रक्रिया लागेल हे ठरवताना त्याची लांबी मोठी बाब असते.

तज्ज्ञांना हे ठाऊक आहे. कर्करोगाच्या उपचारांचा परिणाम मोजण्यासाठी 2009 मध्ये सुधारलेल्या रेसिस्ट निकषांनुसार, मोजल्या जाणाऱ्या गाठींच्या व्यासांची बेरीज तोवरच्या नीचांकापेक्षा 20 टक्के आणि शिवाय किमान 5 मिलिमीटर वाढली, तरच आकारावरून आजार वाढला असे धरतात. चकती 5 मिलिमीटरहून जाड असेल, तर मोजणीत धरायला गाठ त्या जाडीच्या दुप्पट तरी हवी. फुफ्फुसात गाठी असलेल्या त्याच रुग्णांचे काही मिनिटांच्या अंतराने पुन्हा स्कॅन केले, तेव्हाही एक-दोन मिलिमीटरचा फरक आढळला. त्या मिनिटांत कोणाची गाठ वाढलेली नव्हती. संशोधनात ही चूक हिशेबात धरली जाते. गावातल्या रुग्णाच्या कागदावर मात्र नुसता आकडा येतो.

यंत्रांची तपासणी होतेच, असे कोणी म्हणेल. होते. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार एक्स-रे यंत्रांची गुणवत्ता चाचणी दोन वर्षांतून एकदा तरी करावी लागते. तिच्यातून यंत्र धड आहे एवढे कळते. त्या दिवशी तंत्रज्ञाने कोणती जाडी निवडली ते कळत नाही. ही माहिती डिजिटल फाइलमध्ये असते हेही खरे, पण रुग्णाच्या पिशवीत बहुधा फिल्म आणि कागद असतो, आणि पुढचा डॉक्टर त्यावरच बोलतो.

जास्त गंभीर आक्षेप असा की एवढा तपशील दिला तर रुग्ण गोंधळेल किंवा खऱ्या वाढीकडेही दुर्लक्ष करेल. पण तपशील लपवून भीती कमी होत नाही, हे 2021च्या कोविड लाटेत आपण पाहिले आहे. फुफ्फुसाच्या पाच भागांचा नजरेने अंदाज घेऊन दिलेला 25 पैकी स्कोअर लोकांनी परीक्षेच्या गुणांसारखा वाचला. त्या पाचांपैकी एखाद्या भागाचा 25 टक्के हिस्सा बाधित की 26, एवढ्यावरही तिथे एक गुण बदलतो. त्याआधी सप्टेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने छातीच्या सीटीचे दर यंत्राच्या स्लाइसच्या संख्येनुसार बांधून दिले होते. लूट थांबवण्यासाठी ते योग्यच होते. पण यंत्र किती स्लाइसचे आहे यावरून तुमच्या चित्रातली चकती किती जाड होती ते कळत नाही, आणि पैसे मोजणाऱ्याला ते कोणी सांगतही नाही.

यासाठी नवे यंत्र लागत नाही. चकतीची जाडी, फिल्टर, कॉन्ट्रास्टची वेळ आणि मोजमापाची दिशा यंत्रात आधीच नोंदलेली असते किंवा रेडिओलॉजिस्टला माहीत असते. सरकारी रुग्णालयांत खासगी केंद्राला काम देताना करारात ही अट घालता येईल. 8 आणि 10च्या त्या जोडीखाली मग एक ओळ वाचायला मिळेल: आधीचा स्कॅन 5 मिलिमीटर जाडीचा, हा 1 मिलिमीटरचा, फरक मोजमापाच्या चुकीच्या मर्यादेत असू शकतो, पुढचा स्कॅन याच पद्धतीने करावा.